बुरुजाची भूक

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा बैल बोलत असत आणि कामाच्या धबडग्यातून एखादे माणूस त्यांचे ऐकूनही घेत असे, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजाने डोंगराच्या टोकावर बुरूज बांधायला काढला. तीन राज्ये दिसावीत एवढा उंच. पाथरवट दगड घडवत, गवंडी भिंत रचत, आणि भिंतीला लागून बांबूंची परांची थरावर थर चढत जाई. परांची म्हणजे गवंड्याची जमीन. बांबूला बांबू काथ्याच्या दोराने बांधायचा, त्यावर फळी टाकायची आणि आभाळात उभे राहून दगड बसवायचा.

पायथ्याशी चुन्याची घाणी होती. बैल गोल फिरत दगडी चाक ओढी आणि चाकाखाली चुना मळला जाई. ही घाणी एक बाई सांभाळत असे. सगळे तिला घाणीवाली म्हणत. तिचा नवरा त्याच बुरुजावर गवंडी होता.

एके दिवशी वरून एक गवंडी पडला आणि जागीच गेला. दहा दिवसांनी दुसरा पडला. मग अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिसरा.

प्रत्येक वेळी मुकादम सर्वांच्या आधी तिथे पोहोचे. पडलेल्याच्या नाकाशी बोट धरायच्या आधी तो आभाळाकडे हात जोडे आणि मोठ्याने म्हणे, "बुरूज बळी मागतोय रे बाबांनो! एवढं मोठं बांधकाम. भूक लागायचीच."

मग लिंबू कापले जाई, नारळ फुटे. विधवेच्या पदरात एक लुगडे पडे. भाकरी खाऊन झाली की काम पुन्हा सुरू. लोक माना डोलवत आणि शिडीला हात लावत.

घाणीवालीने मात्र मान डोलवली नाही. कारण तिसऱ्याच्या जागी आता वर चढायचे होते तिच्या नवऱ्याने.

"परवापासून सातव्या थरावर," नवरा भाकरी मोडत म्हणाला.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "ह्या बुरुजाला भूक लागते ती गवंड्यांचीच कशी? मुकादम एवढा गुबगुबीत. त्याचा वास नाही येत त्याला?"

"अगं, हळू! तुझ्या जिभेला काही हाड?"

"आणि तिघंही वरूनच पडले. खालच्या थरावरच्याला बुरूज हुंगतसुद्धा नाही."

"देवाच्या गोष्टीत संशय घेऊ नये."

"देवाचा कुठं घेते? मुकादमाचा घेते."

दुसऱ्या दिवशी घाणीवर ती हेच पुटपुटत होती. तिच्या बैलाच्या कपाळावर पांढरा चांद होता, म्हणून त्याचे नाव चांद्या. तो फिरता फिरता म्हणाला, "बाई, नवऱ्याला काय विचारतेस? तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो. मी गोल फिरतो. मला चारी दिशा दिसतात."

"मग काय दिसलं तुला?"

"दर अमावास्येला राजाच्या कोठारातून नव्या दोरांची गाडी येते. परांचीचे दोर बदलायला. येताना ती सगळे बघतात. जाताना कुणी बघत नाही."

"रिकामी गाडी, तिच्यात काय बघायचं?"

"रिकामी गाडी उड्या मारत जाते. ही कण्हत जाते. अर्धा जन्म गाडी ओढलीय मी. भरल्या चाकाचा आवाज मला ओळखू येणार नाही होय?"

घाणीवालीने परांचीकडे बघितले. "पण खालच्या दोन थरांना तर पिवळेधमक नवे दोर आहेत."

"राजाची मान तेवढीच वर वळते," चांद्या म्हणाला. "अजून एक ऐक. माझ्या गळ्यातला दोर झिजला की मुकादम त्याच दिवशी बदलतो. बैल विकत आणावा लागतो ना. गवंडी आपल्या पायांनी चालत येतो."

घाणीवालीला हे पटले. पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर ती विसंबणारी नव्हती, मग सांगणारा तिचाच बैल का असेना. तिसरा गवंडी पडला होता त्या जागी ती गेली. त्याच्याबरोबर खाली आलेल्या बांबूला दोराचा एक तुकडा अजून लोंबत होता, चुन्याने पांढराफटक झालेला. तिने तो चिमटीत धरून चुरला, तर सुक्या पाल्यासारखा त्याचा भुगा झाला.

मग तिने स्वतःची बोटे पाहिली. चुन्यात राबून राबून त्यांना भेगा पडल्या होत्या. माणसाची जिवंत कातडी खाणारा चुना काथ्याला सोडील होय? वरून रोज चुन्याचे पाणी ओघळते, रोज दोर थोडा थोडा मरतो. म्हणून तर दर अमावास्येला नवे दोर यायचे. भूक होती ती चुन्याची. आणि तिच्यावरचा उतारा मधल्या मध्ये कोणी तरी खात होते.

तिसरा माणूस गेला म्हणून दुसऱ्या दिवशी खुद्द राजा आला. मुकादमाने जय्यत तयारी ठेवली होती. बुरुजाच्या पायाशी बोकड बांधलेला, गळ्यात झेंडूची माळ.

"महाराज, आज बोकड दिला की बुरूज शांत होईल," मुकादम म्हणाला. "लगेच नवा गवंडी वर चढवतो."

घाणीवालीचा नवरा थापी घेऊन शिडीपाशी उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि ती गर्दीतून पुढे झाली.

"महाराज, एक विचारू? भूक लागते वर. मग नैवेद्य खाली का?"

"ए घाणीवाले," मुकादम खेकसला, "जा, चुना मळ!"

"तो मळलाय. तिघं गेले ते सातव्या थरावरून. पूजा तिथंच व्हावी आणि मुकादमांच्याच हातून व्हावी. बुरुजाची भाषा त्यांच्याशिवाय कुणाला कळते?"

गवंड्यांत खसखस पिकली. राजा म्हणाला, "बाई रास्त बोलते. मुकादम, चढा."

"महाराज, माझे गुडघे..."

"बोकड राहू द्या खाली, नारळच न्या," मागून कोणी तरी ओरडले. "गुडघ्यांना हलका पडेल!"

मुकादम चढू लागला. पहिला थर, दुसरा थर, पाय भराभर पडत होते. तिसऱ्या थरावर त्याने दोराला हात लावला आणि विंचू चावावा तसा मागे घेतला. पुन्हा लावला, हलकेच ओढून पाहिला. हातात भुगा आला. मग तो दोन्ही हातांनी भिंतीला चिकटला आणि ओरडला, "थांबा! आधी इथले दोर बदला! कुजलेत सगळे!"

खाली फक्त बोकड ओरडला.

"दोर कशाला, मुकादम?" घाणीवाली म्हणाली. "नारळ फोडा की. भूक बुरुजालाच आहे ना?"

राजाचा चेहरा उतरला. "दर अमावास्येला मी नवे दोर पाठवतो. कुठे आहेत ते?"

मुकादम भिंतीला अधिकच चिकटला. उत्तर चांद्याने दिले. "बाजाराच्या वाटेला, महाराज. चाकोऱ्या अजून बुजल्या नाहीत."

सगळ्यांनी वळून पाहिले. कोठाराकडून आलेली चाकोरी जेवढी खोल होती, तेवढीच खोल चाकोरी बाजाराकडे गेली होती.

राजा संतापला. पण घाणीवालीने त्यालाही सोडले नाही. "त्याला काय द्यायची ती शिक्षा द्या, महाराज. पण दर महिन्याला खाली उभं राहून तुम्ही मान वर करत होतात. एकदा तरी चढलात?"

राजाची मान या वेळी खाली गेली. गेली, हे सर्वांनी पाहिले.

नवा दोर टाकून मुकादमाला खाली उतरवले, ते घाणीवालीच्या नवऱ्यानेच. तो म्हणाला, "माणूस पडलेला बुरुजाला आवडत असेल, मुकादम. आम्हाला नाही आवडत."

त्या दिवशी काम थांबले. परांचीचा एकूण एक दोर बदलला गेला. तिन्ही घरांची पोटगी मुकादमाच्या वाड्या-जमिनीतून आयुष्यभर द्यायचे ठरले. लुगड्यावर भागवले नाही. मुकादमाला शिक्षा अशी झाली, की बुरूज पुरा होईपर्यंत रोज सकाळी प्रत्येक थरावर पहिले पाऊल त्याचे पडेल. कुठल्याच परांचीच्या गाठी कधी इतक्या काळजीने कोणी चाचपल्या नसतील. आणि दर अमावास्येला राजाही सातव्या थरापर्यंत चढू लागला.

बुरूज पुरा झाला. त्याला पुन्हा कधी भूक लागली नाही. बोकड म्हातारा होऊन मेला.

घाणीवाली मात्र शेवटच्या दिवसापर्यंत रोज सकाळी दोराला चिमटा घेऊन बघत असे. नवरा हसून म्हणे, "आता तरी विश्वास ठेव!"

"ठेवते ना," ती म्हणे. "हात लावून झाल्यावर."

तात्पर्य : मजूर पडला की जो सर्वांआधी दैवाचे नाव घेतो, त्याचा दोर सर्वांआधी तपासावा.