अक्षर छान आहे

"बाबा, माणसानं माफी मागायची तरी किती वेळा?"

जनार्दननं हे विचारलं तेव्हा केरूबाबा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू किती वेळा मागितलीस?"

"सात पत्रं लिहिली दादाला. सहा वर्षांत सात."

आता जनार्दनचं पत्र म्हणजे काय चीज, ते आम्हा मठातल्या माणसांना विचारा. अक्षर मोत्यासारखं, आणि भाषा अशी की वाचणाऱ्याचा गळा दाटून यावा. आसपासच्या चार गावांतली माणसं त्याच्याकडून पत्रं लिहून घ्यायला यायची. त्याचा त्याला थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोलू? दादाला लिहिलेलं सातवं पत्र त्यानं पेटीत टाकण्याआधी आम्हाला वाचून दाखवलं होतं. मी रडलो होतो.

"मग? उत्तर आलं?"

जनार्दननं बंडीच्या खिशातून एक पोस्टकार्ड काढून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. दोनच ओळी होत्या.

पत्रं पोचली. अक्षर छान आहे.

बाबा हसले नाहीत. आम्हाला वाटलं होतं, हसतील.

"असं काय बोलला होतास रे त्याला?"

जनार्दननं पोस्टकार्ड उचलून परत खिशात ठेवलं.

मग खाली बघत त्यानं सांगितलं. आई गेली तेव्हा तो परगावी नोकरीला होता. आला तो थेट दहाव्याच्या आदल्या दिवशी. दहाव्याला सगळं गाव नदीच्या घाटावर जमलेलं. पिंड ठेवला. समोरच्या उंबरावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. तास गेला, दीड तास गेला. किसनदादा हात जोडून आईला एकेक वचन देत होता. तुझ्या नातीचं, शेवंताचं लग्न थाटात करीन, धाकट्याला अंतर देणार नाही, तुझी गाय विकणार नाही. कावळा काही शिवेना. जनार्दनचं डोकं आधीच फिरलेलं. आजारपणात आपण एकदाही आलो नाही, हे आत सलत होतं. तो उठला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "कावळा शिवेल कसा? ह्यानं आईला उपाशी मारली."

दादा काही बोलला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि माणसं आपापल्या घरी गेली.

पुढे महिन्याभरानं डॉक्टरांनी जनार्दनला सांगितलं, की म्हातारीला शेवटी घास गिळताच येत नव्हता. किसनदादा चमच्यानं पेज भरवायचा. एका वाटीला तास तास लागायचा. ते ऐकून जनार्दन ढसाढसा रडला. तो गाव सोडून मठात आला तो त्यानंतरच.

"आणि आता?" बाबांनी विचारलं.

आता शेवंता लग्नाची झाली होती. दोन स्थळं आली आणि वेशीवरूनच परत गेली. म्हातारीला उपाशी मारणारं घर, असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? तिसरं स्थळ येत्या पंचमीनंतर येणार होतं.

"पोरीचं वाटोळं माझ्यामुळं होतंय, बाबा," जनार्दन म्हणाला. "आणि दादा नुसतं अक्षराचं कौतुक करतो."

बाबांनी आणखी एक शेंग फोडली.

"म्हातारीला घास जात नव्हता, हे किसनला ठाऊक नव्हतं का?"

"म्हणजे काय? तोच तर भरवत होता."

"मग ते त्याला पत्रानं कशाला कळवलंस?"

मला स्वतःचीच लाज वाटली, कारण ते सातवं पत्र ऐकून मी त्याची पाठ थोपटली होती.

पण जनार्दन हुशार. त्याला उमगायला वेळ लागला नाही. तो एकदम उठला, आतून कागद आणि पेन घेऊन आला, आणि भराभरा बोलायला लागला. खरं आहे, बाबा. दादाला नाही, गावाला सांगायला हवं. तो पत्रक छापून घेणार होता, घरटी एक. जिल्ह्याच्या पेपरात जाहीर निवेदन देणार होता. मंदिराच्या फळ्यावर लावणार होता. मजकूर असा लिहीन, म्हणाला, की गाव हळहळलं पाहिजे.

बाबांनी हात पुढे केला. जनार्दनला वाटलं कागद मागताहेत, म्हणून त्यानं कागद दिला. बाबांनी त्यावर शेंगांची टरफलं भरली, त्याची पुडी केली आणि बाजूला ठेवली.

"पंचमीआधी घाटावर कुणाचा दहावा आहे का बघ," ते म्हणाले. "गाव जमेल."

जनार्दनचा चेहरा उतरला.

"मी... तिथं उभा राहू?"

"हं."

"बाबा, माझ्यानं नाही व्हायचं ते. दादा समोर असेल. माझी जीभ उचलणार नाही." तो बाबांच्या पायाशी बसला. बाबांचे गुडघे त्यानं घट्ट धरले होते. "मी लिहून देतो ना सगळं, एक अक्षर लपवणार नाही. शाळेचे गुरुजी वाचतील. त्यांचा आवाज खणखणीत आहे, घाटाच्या टोकापर्यंत जातो."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या दिवशी घाटावर कुणाकडून वाचून घेतलं होतंस?"