कावळ्याने घासलेलं नाणं

फार मागे, माणसांनी अजून बाजार मांडले नव्हते तेव्हा, जंगलातल्या सगळ्यात जुन्या गोष्टीच्या स्मरणार्थ प्राण्यांनी तांब्याची नाणी पाडली. एका बाजूला गोष्टीतलं कासव, दुसऱ्या बाजूला गोष्टीची पहिली ओळ.

डोमकावळ्याने त्यातलं एक मिळवलं आणि असं नाणं दुसऱ्या कुणाकडे नाही, असं तो झाडाझाडावर सांगत सुटला. नाण्यांची पारख घोरपडबाई करायच्या. त्यांच्याकडे न्यायचं म्हणून त्याने चिंच आणि राख लावून ते तीन दिवस घासलं.

घोरपडबाईंनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "चकचकीत आहे. पण कासव गेलं, अक्षरंही गेली. निदान ती ओळ म्हणून दाखवा, म्हणजे हे तेच नाणं असं मी मानेन."

कावळ्याने मान खाजवली. "गोष्ट ऐकायला सवड कुठे होती, बाई? सगळा वेळ नाण्यातच गेला."

"मग हा नुसता तांब्याचा तुकडा आहे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी जांभळीखाली खारूताई पिल्लांना तीच गोष्ट सांगत होती. कावळा हळूच मागे येऊन बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "जरा पहिल्यापासून सांगता का? मला येते तशी, फक्त पहिली ओळ विसरलोय."