पिवळा रुमाल

“म्हणजे आकडे खोटं बोलतात, असं म्हणायचंय तुम्हाला?” निहारने विचारलं.

अण्णा पेंढारकर बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी काहीच म्हटलं नाही.”

अण्णांची उभी हयात अमेरिकेत पंचगिरी करण्यात गेली होती. तिथल्या फुटबॉलमध्ये पंचाला नियमभंग दिसला, की तो कमरेचा पिवळा रुमाल मैदानात फेकतो. चुकणाऱ्या संघाला मागे सरकावं लागतं. आता मोठे सामने सुटले होते. रविवारी ओहायोतल्या त्यांच्या गावी कारखान्यांतली माणसं खेळत, तिथे ते पंच म्हणून उभे राहत. नवे पंच अजूनही त्यांच्याकडे शिकायला येत.

निहार दळवी मात्र शिकायला आला नव्हता. तो संख्याशास्त्रज्ञ होता, आणि एका व्यावसायिक संघाने त्याला नेमलं होतं.

“वॉल्टर क्रेन पंच असला की आमच्यावर दीडपट रुमाल पडतात. हवामान, मैदान, समोरचा संघ... मी सगळं तपासलंय. हा पक्षपातच आहे.”

“वॉल्टर माझ्याकडे शिकला.”

“म्हणूनच आलो. उद्या माझा अहवाल जाईल. त्याचं काम जाईल. मी बरोबर आहे, एवढं तुम्ही म्हणा.”

“आणि चुकत असलास तर?”

“यात मी चुकत नाही, अण्णा.”

अण्णा उठले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली. मग रुमाल दिला.

“नियम पाठ आहेत ना? आज तू उभा राहा.”

“आणि तुम्ही?”

“मी मोजतो.”

खेळ सुरू झाला. निळा संघ धसमुसळा होता. पहिले रुमाल त्याच्यावरच पडले, आणि ते योग्यच होते. निळे कुरकुरू लागले. निहारने कडेला पाहिलं. अण्णा खुर्चीत बसून बोटांवर मोजत होते.

त्यानंतर लाल संघावरही रुमाल पडू लागले.

सामना संपत आला. लाल संघात रूबेन नावाचा एक किडकिडीत वेल्डर होता. त्याचे म्हातारे वडील आज पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला आले होते. रूबेनने चेंडू पोटाशी धरला आणि एकेकाला चुकवत थेट शेवटची रेषा गाठली. वडील उठून उभे राहिले.

मैदानात पिवळा रुमाल पडला होता.

रूबेनने समोरच्याच्या हेल्मेटची जाळी ओढली, अशी खूण निहारने केली. गुण रद्द झाले. रूबेन त्याच्याकडे नुसता बघत राहिला. लाल संघ हरला.

निहार घाम पुसत अण्णांकडे आला.

“मोजलंत?”

“मोजलं. दोन्हीकडे सारखे.”

“बघा.” निहारचा चेहरा उजळला. “निःपक्षपाती पंचाचे आकडे असे असतात.”

अण्णांनी मान डोलावली. मग हळूच विचारलं,

“शेवटी रूबेनने जाळी ओढली होती?”

निहारने मागे वळून पाहिलं.

मैदान रिकामं होत होतं. पलीकडे बाकावर रूबेन खाली मान घालून बसला होता. वडील त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

“जाळी मी नीट पाहिलीच नाही. तुम्ही मोजत होतात,” निहार पुटपुटला.

अण्णा खुर्चीतून उठले.

“मग वॉल्टर... तो पक्षपाती नाही?”

“ते मला माहीत नाही.”

निहारने शिट्टी काढून हातात घेतली. ती परत द्यावी की नाही, हे त्याला कळेना.

“मी आता काय करू, अण्णा?”

अण्णांनी बाकाकडे बोट दाखवलं.

“त्याच्याकडे जा. त्याला सांग, आकडे जुळले.”