यादीतलं नाव

“आणि जुनी डिस्क?” विश्वंभरबाबांनी विचारलं.

निशिकांत दारातच उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

“पुसली, बाबा.”

“पूर्ण?”

“पूर्ण. तिच्यावर उत्सवाचे व्हिडिओही भरले.”

मठाच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून गिरणा नदीचं कोरडं पात्र दिसत होतं. बाबा तिकडे बघत राहिले.

आता हा निशिकांत म्हणजे मठातला सगळ्यात हुशार शिष्य, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी पटली होती ती खुद्द निशिकांतलाच. नाशिकला संगणकाचं शिकून आलेला. मठात इंटरनेट धड लागत नसे, म्हणून ग्रंथालयातल्याच एका संगणकाचा मठापुरता सर्व्हर केलेला होता. मठातल्या कुठल्याही खोलीत संगणकासमोर बसावं, यादीतल्या नावावर क्लिक करावं, की ती पोथी उघडायची.

ही सगळी मांडामांड रेवणची. रेवण हा बाबांचा आधीचा शिष्य. चार वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि सव्विसाव्या वर्षी तो गेला.

निशिकांतचे कान रेवणचं कौतुक ऐकून किटले होते. भांडारातल्या म्हातारीपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद, रेवण असं करायचा, रेवण तसं करायचा. सर्व्हरचं काम हाती आलं तेव्हा निशिकांतनं मनाशी ठरवलं, रेवणचा पसारा आवरायचा आणि एकदा दाखवून द्यायचं. नवा संगणक आला. त्यानं जुन्या सर्व्हरचा मुख्य फोल्डर उचलून नव्यावर ठेवला, यादी उघडली. सगळी नावं जागच्या जागी! त्याच दुपारी त्यानं जुनी डिस्क पुसून टाकली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

“पण नाव तर दिसतंय,” बाबा म्हणाले. “‘रेवण-वाचन’. सकाळीच पाहिलं मी.”

“नाव दिसतं, बाबा. त्याला व्हर्च्युअल डिरेक्टरी म्हणतात. नाव सर्व्हरच्या यादीत असतं, फाइली दुसरीकडेच असतात. पत्रावर आपण ‘मार्फत’ लिहितो ना, तसं. मी यादी आणली, मुख्य फोल्डर आणला. या फाइली त्या फोल्डरात नव्हत्याच. त्या...”

“जुन्या डिस्कवर.”

“हो. वेगळ्या कोपऱ्यात.”

“तुला हे ठाऊक नव्हतं?”

निशिकांतनं मान खाली घातली.

“ठाऊक होतं, बाबा. बघितलं नाही.”

...

त्यात काय होतं, हे मठात सगळ्यांना माहीत होतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तेव्हा रेवण रोज दुपारी त्यांना पोथी वाचून दाखवायचा. समोर माइक ठेवायचा. असं दोन वर्षं चाललं. मध्येच थांबून तो विचारायचा, “बाबा, झोपलात का?” आणि बाबा दटावायचे, “तू वाच.” तेही त्यात होतं. पुढं ऑपरेशन होऊन बाबांना दिसायला लागलं, आणि त्याच वर्षी रेवण गेला. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

निशिकांत ती डिस्क घेऊन दोनदा जळगावला जाऊन आला होता. दोन्ही वेळा दुकानदारानं मान हलवून ती परत हातात ठेवली होती.

“रेवणदादानं तरी असं का करावं?” तो अचानक म्हणाला. “सगळं एका जागी ठेवलं असतं तर...”

नाचता येईना, अंगण वाकडं. बोलून झालं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“तो म्हणायचा, हे मठाचं नाही, आपल्या दोघांचं आहे,” बाबा म्हणाले. “म्हणून वेगळं ठेवलं असेल.”

...

निशिकांतला अजून एक गोष्ट सांगायची होती. वाटेत त्यानं ती मनात घोळवली होती. तेवढ्यानं बाबांचं दुःख थोडं हलकं होईल, आणि खरं सांगायचं तर आपला गुन्हाही थोडा लहान होईल, असं त्याला वाटत होतं.

“बाबा, एक सांगू? कोणी, कधी, काय उघडलं याची सर्व्हर नोंद ठेवतो. त्या नोंदी मुख्य फोल्डरात होत्या, म्हणून वाचल्या. मी सगळ्या तपासल्या.”

“मग?”

“रेवणदादा गेल्यापासून ते कुणीच उघडलेलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही.”

“बरोबर आहे.”

“म्हणजे तसं कुणाचं काही अडत...”

त्यानं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा शब्द गिळला.

“पण बाबा, तुम्ही तर रोज दुपारी इथं येऊन बसता.”

“बसतो.”

“रोज तास-तासभर.”

“हो.”

“मग उघडत काय होतात?”

“यादी,” बाबा म्हणाले. “त्या नावावर हात जात नसे.”

...

तेव्हा कुठं निशिकांतला आपण काय पुसलं ते कळलं. तो तोंडावर हात घेऊन रडला. बाबांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

“ते नाव काढून टाकतो, बाबा. दोन मिनिटांचं काम आहे. कुणी क्लिक केलं तर नुसतं ‘सापडत नाही’ असं येतं. तुमच्या डोळ्यांसमोर रोज ते नको.”

बाबा उठले. सर्व्हरच्या संगणकासमोरची खुर्ची ओढून बसले. यादी उघडीच होती. त्यांनी माउसवर हात ठेवला. बाण हळूहळू खाली सरकला, ‘रेवण-वाचन’वर थांबला.

बाबांनी क्लिक केलं.

पडदा पांढरा झाला. वर एक ओळ आली, सापडत नाही.

बाबा ती ओळ बघत राहिले. मग मागं गेले आणि पुन्हा त्याच नावावर क्लिक केलं. पुन्हा तेच आलं. त्यांनी तिसऱ्यांदा केलं.

निशिकांतला ते बघवेना. त्यानं पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबा... आत काही नाही हो.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “म्हणून तर आज हात पुढं गेला.”