बारा खळग्यांची शिळा

फार मागची गोष्ट. तेव्हा राज्याला राजा होता, डोंगराला जंगल होतं आणि खोटं वागणाऱ्याला लाज होती, असं म्हणतात. त्यातलं शेवटचं मला काही पटत नाही. का, ते ऐका.

राजधानीबाहेर वैद्यकीची मोठी शाळा होती. चार वर्षं शिकायचं आणि शेवटी एकच परीक्षा द्यायची. अंगणात काळ्या दगडाची लांब शिळा होती, तिला बारा खळगे. प्रत्येक खळग्यात एकेक मूळ ठेवलेलं. डोळ्यांवर फडकं बांधायचं, मूळ चाचपायचं, हुंगायचं, जिभेच्या टोकाला लावून थुंकायचं आणि नाव सांगायचं. बाराच्या बारा ओळखली की हातात तांब्याचं कडं. ज्याच्या हातात कडं, त्यानंच माणसाला औषध द्यायचं, असा राजाचा हुकूम होता.

हुकूम चांगला होता. पण शाळेचे थोरले गुरुजी एका वर्षी आळसावले. आदल्या वर्षीची मुळं त्यांनी त्याच रांगेत मांडली. पोरांनी ते बरोबर हेरलं. सगळी पास झाली, आणि राजानं खूश होऊन गुरुजींची पालखी मिरवली.

मग काय! पुढच्या वर्षी तीच रांग. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. वेखंड, सुंठ, ज्येष्ठमध... पोरं नुसती रांग घोकायची. मूळ हातात घ्यायची ती दाखवण्यापुरती. दर वर्षी सगळे पास, दर वर्षी पालखी.

अशाच एका वर्षी परीक्षेला गोजरा नावाची मुलगी होती. तिच्या डोंगरातल्या गावाच्या चारी दिशांना कुठंच वैद्य नव्हता. साध्या तापानं लेकरं जायची. म्हणून गावानं घरटी मूठमूठ नाचणी काढून तिला शाळेत धाडलं होतं. पोरगी कडं घालून येईल आणि आपली लेकरं वाचतील, एवढीच त्या गावाची आशा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रधानाच्या मुलानं तिला गाठलं.

"गोजरे, रांग पाठ झाली का?"

"मी मुळं पाठ केलीत."

तो फिदीफिदी हसला. "मुळं कोण विचारतंय? रांग म्हण आणि कडं घाल. आम्ही काय खुळे आहोत?"

"खुळे नाही, आंधळे आहात. फडकं बांधायच्या आधीपासून."

परीक्षेला एकेक पोरगा पोपटासारखा बोलून गेला. शेवटी गोजराची पाळी आली. तिनं फडकं बांधून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गुरुजी, मुळं हलवा."

"काय म्हणालीस?"

"मुळांच्या जागा बदला. ही रांग सगळ्या शाळेला पाठ आहे, मलाही आहे. ती म्हटली तर मी काय शिकले ते तुम्हाला कळायचं नाही आणि मलाही नाही."

गुरुजी वाकून तिच्या कानाशी लागले. "पोरी, हट्ट करू नकोस. एक जरी नापास झालं तर शाळेचं नाव जाईल. म्हणून टाक मुकाट्यानं."

"तुमच्या पालखीसाठी माझ्या गावातली लेकरं मारू?"

गुरुजींनी रागारागानं सगळी मुळं उलटीपालटी केली. गोजरानं एकेक हातात घेतलं. दहा बरोबर सांगितली. दोन चुकली. अतिविषाला ती बचनाग म्हणाली आणि बचनागाला अतिविष. दिसायला, चाचपायला दोन्ही जुळ्या बहिणींसारखी. पण अतिविष बाळाच्या गुटीत घालतात आणि बचनाग म्हणजे जालीम विष.

"नापास!" गुरुजी गरजले.

पोरं खिदळली. "आली होती मोठी हरिश्चंद्राची लेक!"

गोजरानं फडकं सोडलं. "आहेच मी नापास. पण तुमच्यासारखी पास नाही." आणि ती चालू लागली.

गावात कुणी ओवाळायला उभं नव्हतं. पाटलीणबाई तर कमरेवर हात ठेवून वाटच बघत होत्या.

"चार वर्षं आमची नाचणी खाल्लीस आणि हात हलवत आलीस? एक ओळ म्हणायची होती ना, भवाने!"

"म्हटली असती, काकी. आज कडं घालून आले असते आणि तुमच्या नातवाला ताप आला की बचनाग उगाळून पाजला असता. चाललं असतं?"

पाटलीणबाईंनी कमरेवरचे हात काढले. तोंड मात्र पुढं सहा महिने चालूच ठेवलं.

कडं नाही, म्हणजे माणसाला औषध देता येत नाही. गोजरा शेळ्यांना देऊ लागली. शेळी कडं बघत नाही, गुण बघते. उरलेल्या वेळात ती डोंगर धुंडाळायची. चुकलेली ती दोन मुळं खणायची, मोडायची, हुंगायची. एक नुसतं कडू. दुसरं जिभेला लागायचा अवकाश, की झिणझिण्या आणि बधिरपणा. असं वर्ष गेलं.

तिकडं गुरुजी तापानं अंथरुणाला खिळले. उतारा होता अतिविषाचा. पण डोंगरातून आलेली टोपली वाटेत नदीत कलंडली, पुड्या सुटल्या आणि अतिविष नि बचनाग एकत्र झाले. गुरुजींना स्वतःला ओळखता येईना. डोळे मंदावलेले आणि तापानं जीभ मेलेली.

उशापायथ्याशी चाळीस शिष्य उभे होते, चाळीस कडी खुळखुळत होती. प्रधानाचा मुलगा आता राजवैद्य झाला होता. तो ऐटीत पुढं झाला. एक मूळ उचललं, फिरवलं, हुंगलं. मग ओठांतल्या ओठांत रांग पुटपुटली आणि विचारलं, "गुरुजी, हे कितव्या खळग्यातलं?"

गुरुजींनी टोपलीवर हात आडवा धरला. "तुमच्यापैकी कुणाच्याही हातचं मला नको. तुम्हाला मी पास केलंय!"

"मग कुणाला बोलावू?"

"जिला नापास केलं, तिला."

गोजरा आली. म्हणाली, "माझ्याकडं कडं नाही. औषध दिलं तर राजा शिक्षा करील."

"ती मी भोगीन. दे."

तिनं टोपली पालथी केली. एकेक मूळ मोडलं, जिभेच्या टोकाला टेकवलं, थुंकलं, चूळ भरली. दोन ढीग झाले. "ह्याच दोन मुळांनी मला नापास केलं होतं. मग मीही त्यांचा पिच्छा सोडला नाही."

आठव्या दिवशी गुरुजी उठून बसले. राजा भेटीला आला. गुरुजींनी सगळ्यांसमोर कडं मागवलं. "घे, पोरी. तू माझा जीव वाचवलास."

गोजरानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "उपकाराचं कडं मला नको. तेही परीक्षेवाचूनच मिळालेलं. शिळेवर मुळं मांडा, हलवून मांडा. आणि ह्या चाळीस जणांनाही माझ्यासोबत बसवा."

राजानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान खाली घातली आणि रांगेची सगळी गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली.

एक्केचाळीस जण बसले. गोजरानं बाराच्या बारा ओळखली. चाळिसांतले तिघे पास झाले. सदतीस कडी त्या शिळेवर उतरली, त्यात राजवैद्याचंही. त्याला पहिल्या वर्षाच्या पोरांत बसून वेखंडापासून शिकायला लागलं. गुरुजी पुन्हा पालखीत बसले नाहीत.

जाता जाता गोजरा त्या तिघांपाशी थांबली. "तुम्हाला येत होतं. मग त्या दिवशी माझ्याबरोबर का नाही बोललात?"

गावाच्या वेशीवर पाटलीणबाई नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. पोर तापलेलं. "गोजरे, दाखव गं, कडं बघू तुझं!"

"कडं काय बघताय, काकी? नातवाची जीभ दाखवा."

बोध ध्यानात धरा: चोरून मिळवलेल्या यशापेक्षा खरेपणानं आलेलं अपयश मोठं, कारण अपयशातून माणूस शिकतो आणि चोरीच्या यशानं कुणाचा तरी जीव जातो.