हळू आवाजातली फिर्याद

डोंगरांवर नवे गड बांधले जात होते, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, नीट ऐका.

एका गावात भागू नावाची बुरडीण राहत होती. तिची सुपं आणि टोपल्या बाजारात हातोहात खपत. त्याच गावात ठाणेदाराचा पुतण्या रायाजी राहत होता. अंगात ताकद आणि पाठीशी काका, त्यामुळे त्याला कुणी अडवत नसे.

एका बाजारी रायाजीने भागूच्या ढिगातलं सूप उचललं आणि तो चालू लागला.

"दादा, पैसे?" भागूने विचारलं.

एवढंच ती बोलली. रायाजीने हातातली काठी फिरवली. भागू खाली पडली, तरी तो थांबला नाही. तिचा उजवा हात मनगटापाशी मोडला. बाजार भरलेला होता. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

जाताना रायाजी वाकून म्हणाला, "कचेरीची पायरी चढलीस, तर दुसरा हातही ठेवणार नाही."

त्या दिवसापासून भीती भागूच्या घरातच राहायला आली. घोड्याच्या टापा ऐकू आल्या की ती बांबूंच्या मागे लपे. धूर दिसू नये म्हणून चूल पेटवायलाही ती घाबरे. लेकीला तिने पाण्याला पाठवणं बंद केलं.

"सोसू या," नवरा म्हादू म्हणाला. "आपण गरीब माणसं. विसरेल तो."

"तो विसरेल हो," भागू म्हणाली. "मी कशी विसरू?"

तिसऱ्या दिवशी हाड बसवायला सगुणाआजी आली. ती गावची जुनी वैद्यीण. पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "पोरी, जायचं तर आजच जा. सूज उतरली की लोक म्हणतील, पडली असेल. हा हात पडून मोडलेला नाही, हे मी कचेरीत सांगेन."

"आजी, मला भीती वाटते."

"मलाही वाटते गं. माझंही घर याच गावात आहे."

दोघी निघाल्या. वाट रायाजीच्या दारावरून जात होती. तो ओसरीवर बसला होता. तो उठला आणि त्यांच्या मागे चालू लागला. कचेरी येईपर्यंत त्याची पावलं मागे वाजत राहिली. भागूने एकदाही वळून पाहिलं नाही. वळली असती, तर तिचे पाय थांबले असते.

"कुणी मारलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

भागूने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. रायाजी खांबाला टेकून हसत होता.

"बघा सरकार, तिला सांगायलाच काही नाही," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी त्याला शिपायाबरोबर बाहेर पाठवलं. मग ते आसनावरून उतरून भागूजवळ येऊन बसले. "घाबरलेल्या माणसाचं बोलणं हळू असतं, म्हणून ते खोटं नसतं. सांग बाई, मी जवळून ऐकतो."

भागूने सगळं सांगितलं. हाड कसं मोडलं ते सगुणाआजीने सांगितलं. न्यायाधीशांनी बाजारकऱ्यांना बोलावलं; त्यांच्यासोबत म्हादू आणि ठाणेदारही आले. बाजारकरी एकमेकांच्या मागे सरकू लागले. शेवटी मीठ विकणारा केरबा पुढे आला. "मी पाहिलं, सरकार. मी शेजारीच बसलो होतो."

आता ठाणेदार घाईघाईने पुढे झाला. "बाईला दोन शेळ्या देतो. तिने फिर्याद मागे घ्यावी, म्हणजे गावात शांतता राहील."

म्हादूने आशेने बायकोकडे पाहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुला काय हवं?"

"त्यानं पुन्हा कुणाला मारू नये."

"ते बघणं राज्याचं काम. त्याची शिक्षा राज्य ठरवील. पण तुझा हात मोडला, तुझं काम बुडालं, त्याचं काय? ती भरपाई तुझी आहे. शिक्षा मागितली म्हणून भरपाई बुडत नाही, आणि भरपाई घेतली म्हणून शिक्षा टळत नाही."

हे भागूला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

रायाजी गडावरच्या कोठडीत गेला. औषधाचा खर्च त्याच्याकडून वसूल झाला. भागूचा हात पुन्हा बांबू धरू लागेपर्यंत त्याच्या शेतातलं धान्य तिच्या घरी येत राहिलं. पुतण्याला पाठीशी घातलं म्हणून ठाणेदाराचं ठाणं गेलं.

हात मात्र थोडा वाकडाच राहिला. भीतीही एका दिवसात गेली नाही. पण पुढच्याच बाजारी भागू पट्टी बदलायला सगुणाआजीकडे बसली असताना एक तेलीण दारात आली. पदर बाजूला करून तिने पाठीवरचे वळ दाखवले आणि विचारलं, "आजी, कचेरीत माझ्यासोबत याल का?"

आजीच्या आधी भागूच उठून उभी राहिली.

बोध एवढाच: न्याय आणि भरपाई हा मार खाल्लेल्या माणसाचा हक्क आहे; भीती जाण्याची वाट न पाहता तो मागावा, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी त्याच्या बाजूने उभं राहावं.