साहेबांचा भागाकार

दिवस शिकवण्यापेक्षा वरच्या कामांतच जातो म्हणून आमच्या मोहितेबाई नोकरी सोडणार होत्या. तेवढ्यात तपासणीला साहेब आले.

"पोरांना भागाकार येत नाही? बाई, बघा कसा शिकवतात!" म्हणत त्यांनी खडू उचलला.

पहिल्या बाकावरची गौतमी उठली. "साहेब, आधी शाळेची खिचडी चाखा. शिकवणाऱ्याने चाखल्याशिवाय वाढत नाहीत."

साहेबांनी चाखली आणि फळ्यावर भागाकार मांडला.

"आता खिचडीचा फोटो वर पाठवायचा, साहेब."

पाठवला.

"आणि मतदारयादीचं काम आजच हवंय."

साहेब कडाडले, "अगं, मला शिकवू देशील की नाही?"

"साहेब, बाई वर्षभर हेच विचारताहेत."

साहेब ओशाळून हसले. चाखणं आणि फोटो त्यांनी पालक समितीकडे सोपवले, बाईंकडचं यादीचं काम काढून घेतलं. त्यांचा अर्धवट भागाकार बाईंनीच पुरा केला.